ठकीचे हात

२८ सप्टेंबर

दादांनी आज जेवताना विषय काढलाच. काढला तो अर्थात यांच्यापाशी. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही ही या घरची रीत. माझ्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, दादांनी ती एकदाही मोडलेली नाही. मी समोरच ताटावर बसलेली.

"तिला सांग, जानेवारीत पॅकहाउसला नवं ग्रेडिंग मशीन येतंय. तो कोपरा मोकळा पायजे. दिवाळीच्या आत उचला, नायतर मी भंगारवाल्याला फोन लावतो."

मीही यांनाच म्हटलं, "दादांना सांगा, दिवाळीपर्यंत वाट बघायची गरज नाही."

हे मध्ये बसून भात कालवत राहिले. आयुष्य पोस्टात गेलं, निरोप इकडून तिकडे न्यायची सवय आहे.

तो कोपरा, आमची द्राक्षं निवडून भरायच्या पॅकहाउसातला, म्हणजे ठकीचा. मी विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्या वर्षी तिथं पहिला पत्रा कापला. जन्मभर दुसऱ्यांच्या विमानांना रिव्हेट मारले, एक तरी आपलं असावं म्हणून. आज धड पूर्ण आहे, शेपूट आहे, दोन सीटं आहेत, नाकावर इंजिन बसलंय. पंखही दोन्ही तयार, पण भिंतीला टेकवून ठेवलेले. दोन्ही पंख लावून बघावेत एवढी रुंदीच पॅकहाउसात नाही. माझी धाकटी जाऊ रेखा एकदा म्हणाली, "ताई, ही लहानपणच्या लाकडी ठकी बाहुलीवानी दिसते. डोकं हाय, धड हाय, हातच फुटले नाय." तेव्हापासून ठकी.

म्हणजे इतकी वर्षं राबून मुख्य गोष्ट मला अजून माहीत नाही. ठकीला तिचे हात बसतात की नाही.

३० सप्टेंबर

हे आणि मी विमानतळावर जाऊन आलो. एका टोकाला जुनं, लहान हँगर रिकामं पडलंय. पूर्वी तिथं फवारणीची विमानं ठेवायचे, त्या कंपनीने कधीच गाशा गुंडाळला. व्यवस्था बोरसे साहेबांकडे. माणूस सरळ वाटला, पण हसायचे पैसे पडत असावेत.

अटी अशा. फरशी धड करायची. दिवे, वायरिंग, आग विझवायची साधनं. आत एक पाखरू दिसता कामा नये. नोव्हेंबरअखेर तपासणी. त्या दिवशी पंख लावलेलं विमान उभं दिसलं तर वर्षभराची परवानगी, नाही तर किल्ली परत.

"मॅडम, लोक हँगर मागतात आणि गोडाऊन करतात. मला विमान दिसलं पाहिजे."

दिसेल, म्हटलं. जीभ फार चालते माझी.

परत येताना हे म्हणाले, "इकडे किल्ली गेली तर तिकडे कोपराही नसेल."

मला हिशेब कळतो. तरी त्यांनी तो मोठ्याने बोलायला नको होता.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पॅकहाउसात सगळी हत्यारं मांडली. छाटणीच्या कात्र्या, वजनकाटे, पाने, माझी ड्रिल, माझी रिव्हेट गन, रेखाची डॉली. डॉली म्हणजे हातात मावेल असा लोखंडी ठोकळा. मी बाहेरून गन चालवते, रेखा पत्र्याच्या आतून डॉली दाबून धरते, मध्ये रिव्हेट चेपतो. एकमेकींची तोंडं दिसत नाहीत आणि गनपुढे ऐकूही येत नाही, म्हणून आतून ठोकून सांगायचं. एक टक म्हणजे बसला. दोन म्हणजे अजून मार. तीन म्हणजे बिघडला, काढ. तिला हे शिकवलं तेव्हा ती बागेतून थेट यायची, हाताला द्राक्षाच्या पानांचा वास. आता कारखान्यातल्या कुणाशीही तिची अदलाबदल करणार नाही.

दादांनी प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. माझ्या गनलाही. ठकीच्या पुढून मात्र तबक घेऊन तसेच निघून गेले.

आज हत्याराला हात लावायचा नाही. मी हात मागे बांधून फिरले दिवसभर.

४ ऑक्टोबर

हँगर उघडलं. कबुतरांनी आमच्याकडे असं बघितलं, जसं काही आम्हीच घुसखोर. जमिनीवर त्यांच्या विष्ठेचा थर, कोपऱ्यात गंजलेले डबे, एका खांबावर मधमाश्यांचं पोळं होऊन गेल्याची खूण. रेखाने पदर खोचला आणि म्हणाली, "ताई, आपलं पॅकहाउस बांधलं तेव्हा याच्याहून वंगाळ होतं." खोटं बोलली, पण वेळेवर बोलली.

संध्याकाळपर्यंत दोघी पांढऱ्याफटक झालो होतो. कपडे दारातच काढून भिजवले.

६ ऑक्टोबर

कबुतरांचा बंदोबस्त झाला. बागेवर पाखरांसाठी टाकतो ती जाळी गेल्या हंगामाची पडून होती. ती छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली. बागेत तार ओढणारेच दोन गडी आणले होते, तार कशी ताठ करायची हे त्यांना सांगावं लागलं नाही. बो. सा., म्हणजे बोरसे साहेब, दारातून डोकावले. "हे काय?" म्हणाले. द्राक्षाची जाळी म्हटलं. वर बघत बराच वेळ उभे राहिले. नापसंत असतं तर बोलले असते.

९ ऑक्टोबर

फरशी. जुनी फुटकी उखडून नवं काँक्रीट. लहानू मिस्त्री, ज्यांनी आमच्या भागातली निम्मी पॅकहाउसं बांधलीत.

"ताई, कशी पायजे?"

"आपल्या पॅकहाउससारखी करा. गुळगुळीत, धूळ न धरणारी."

मान डोलावली, कामाला लागले. असा माणूस हवा. जास्त विचारत नाही.

१४ ऑक्टोबर

फरशीवर पाणी मारणं चालू. तोवर भिंती आणि वर.

दिवे लागले. पांढरे, लांब, सावली न पाडणारे. पत्र्यावरचा ओरखडा सावलीत लपतो, म्हणून मी वायरमनच्या डोक्यावर बसून दोन रांगा जास्त लावून घेतल्या. तो म्हणाला, "मावशी, इथं काय लग्न हाय का?" म्हटलं, लग्नच आहे.

टेबलं पॅकिंगची जुनी, वर जाड रबर ठोकलं. सुट्या भागांसाठी द्राक्षाचे कॅरेट, भिंतीला फळ्यांवर ओळीने. नट एकात, बोल्ट एकात, वायर, पाइप, सीटांवर बसणारं काचेचं हूड एकटं एकात, जुन्या साडीत गुंडाळून. रंगकामासाठी कोपऱ्यात तंबू, तोही बागेवर अवकाळीसाठी घालतो त्या प्लास्टिकचा. लाल वाळूच्या बादल्या दारात. काँप्रेसर पॅकहाउसातला, दादांना न विचारता. यांनी विचारलं असावं.

उभी राहून बघितलं. द्राक्षाचंच घर आहे, फक्त आत द्राक्षं नाहीत.

१७ ऑक्टोबर

ठकी निघाली!

धड टेम्पोत, खाली भाताच्या तणसाच्या गाद्या. पंख मागच्या टेम्पोत, उभे, दोन्ही बाजूंना गोधड्या. गल्लीतली माणसं गच्चीवर. दादा पॅकहाउसच्या दारात कमरेवर हात ठेवून.

टोलनाक्यावर पोरगा खिडकीतून निम्मा बाहेर आला. "मावशी, ह्याला काय लावू? टेम्पो का इमान?"

"टेम्पोचाच लाव. इमान अजून चाललं नाही."

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायचं सोडून मोबाइल काढले होते. रेखा मागच्या टेम्पोत पंखांना मिठी मारून उभी. तिने जाताना त्या पोराला हात केला, कुठली राणी असल्यागत.

फाटकावर बो. सा. स्वतः आले. कागद बघितले, धड बघितलं, पंख बघितले. "जोडलंय का कधी?"

नाही म्हटलं.

"हं," म्हणाले.

त्या एका हं-ने माझा निम्मा दिवस खाल्ला. तरी आज ठकी खऱ्या हँगरमध्ये आहे, दिव्यांखाली. घरी आल्यावर पॅकहाउसात डोकावले. कोपरा रिकामा, फरशीवर तिच्या स्टँडचे चार डाग. लगेच दिवा घालवला.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

घर, फराळ, पाहुणे. शंकरपाळे जळले. लक्ष हँगरमध्ये.

३ नोव्हेंबर

जॅक लावून ठकीला उचललं. धडावर पाणसळ ठेवून लांबीत आणि रुंदीत बरोबर आडवं केलं, बुडबुडा मधोमध येईपर्यंत. हे एका जॅकवर, रेखा दुसऱ्यावर, मी ओरडायला. चाकं जमिनीपासून जरा सुटलेली.

आता पंख.

६ नोव्हेंबर

पंख आत सरकले. पहिल्याच धक्क्याला दोन्ही. तात्पुरत्या पिना घातल्या. ठकी पहिल्यांदा हात पसरून उभी राहिली. रेखा रडली, हे टाळ्या वाजवायला लागले, मी मापाची पट्टी घेऊन पंखाच्या टोकाशी गेले.

टोकापासून जमिनीपर्यंत. उजवं. मग डावं.

डावं जास्त. चांगली चार बोटं जास्त. पुन्हा मोजलं. यांना मोजायला लावलं. तेच.

धड आडवं आहे, मी स्वतः पाणसळीने केलंय. म्हणजे डावा पंख वर उचललेला. म्हणजे पंख पिळलेला आहे, किंवा मुळातली भोकंच चुकली आहेत. म्हणजे डावा पंख नवा करायचा. नोव्हेंबरअखेर सोडाच, पुढची दिवाळीही पुरणार नाही. आणि तोवर ठकी ठेवणार कुठे?

डावा पंख आम्ही आधी केला होता. रेखा तेव्हा नवी होती. मी बोलून गेले. "तेव्हा तू डॉली तिरकी धरायचीस. किती वेळा सांगितलं होतं तुला."

रेखाने हातमोजे काढले, घडी घालून टेबलावर ठेवले. "ताई, तिरका बसला की मी तीन टक द्यायचे. तुम्ही रिव्हेट काढायचा. आता आज कुठून तिरकं आलं?"

मी पट्टी गुंडाळत राहिले. ती गेली. हे तिला सोडायला गेले. मी ठकीखाली बसून राहिले, त्या सगळ्या झगझगीत दिव्यांत.

७ नोव्हेंबर

रेखा आली नाही.

नकाशे काढले. सगळं बरोबर.

८ नोव्हेंबर

पुन्हा मोजलं. चार बोटं. पंखाचे सगळे रिव्हेट बोटांनी चाचपले, एकेक. एकही सैल नाही, एकही तिरका नाही. तिचं काम स्वच्छ आहे. मग फरक आला कुठून? कारखान्यात असं झालं असतं तर पाचजणांनी मिळून डोकी खाजवली असती. इथं मी एकटीच, आणि जिच्याबरोबर खाजवायचं तिला मी बोलून बसलेय.

जेवताना दादांनी यांना विचारलं, "काय म्हणतं विमान?" पहिल्यांदा विमान म्हणाले. आणि नेमकं आत्ताच ते चार बोटं वाकडं.

९ नोव्हेंबर

रेखा आली. माझ्याशी बोलली नाही. पिशवीतून लिंबं काढली.

तिचं म्हणणं (हे यांना उद्देशून, माझ्याकडे बघत): नवी गाडी घरात आणताना चाकाखाली लिंबू ठेवतात. टेम्पोतून उतरवायच्या गडबडीत ते राहिलं. म्हणून हे सगळं बिघडलं. राग आहे म्हणून शकुन चुकवायचा नाही.

बसली खाली, चाकासमोर लिंबू ठेवलं. लिंबू घरंगळलं. तिने उचलून परत ठेवलं. परत गेलं. तिसऱ्यांदा तिने ते दोन बोटांनी नीट बसवलं, हात काढला. लिंबू थोडं थांबलं, मग सावकाश निघालं, डाव्या पंखाखालून, पुढे दाराकडच्या डाव्या कोपऱ्याकडे, आणि मिस्त्रींनी तिथं ठेवलेल्या लोखंडी जाळीच्या भोकावर जाऊन थांबलं.

मी त्या जाळीकडे इतके दिवस बघत होते. ती का आहे असा प्रश्नही पडला नव्हता. आमच्याकडे सगळ्या फरश्यांना असते.

"ताई," रेखा म्हणाली, "फरशीला ढाळ हाय."

पॅकहाउसची फरशी! धुतली की पाणी एका कोपऱ्यात निघून गेलं पाहिजे, म्हणून सगळ्या पॅकहाउसांना ढाळ देतात. मी "पॅकहाउससारखी करा" म्हटलं. मिस्त्रींनी मनापासून तशी केली. आणि मी, जन्मभर कारखान्याच्या आरशासारख्या सपाट जमिनीवर उभी राहून मापं घेतलेली बाई, इथंही जमिनीपासून मोजत बसले. डाव्या बाजूला पंख वर गेला नाही, जमीन खाली गेली!

रेखा हसायला लागली. हसत हसत जमिनीवर बसली. मी तिची माफी मागितली. सरळ, शब्दांत, यांच्यासमोर.

"माफी ऱ्हाऊ द्या. डाव्या पंखाला डॉली कुणी धरली होती ते सांगा."

"तू."

"मंग?"

१० नोव्हेंबर

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पाणी ओतून दाखवलं, अभिमानाने. "बघा ताई, थेंब थांबत नाय."

खरंच नाही थांबत. चहा पाजून पाठवलं. फरशी तशीच राहणार, उखडायला वेळ नाही आणि माझा धीरही नाही.

पण फरक ढाळाचा आहे ही अजून माझी समजूत आहे. पंख सरळ आहेत याचा पुरावा नाही. जमिनीला न विचारता मोजायला हवं.

१२ नोव्हेंबर

आजचा दिवस नीट लिहून ठेवते.

पंख धडाला धरून ठेवणारे मुख्य बोल्ट भोकांत फार घट्ट बसतात. थंड केले की केसभर आकसतात आणि सरकतात. म्हणून ते काल पॅकहाउसच्या डीप फ्रीझमध्ये ठेवले होते. सकाळी आणायला जाते तर दादा बर्फाच्या पेटीत ते भरून, पेटी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलेले. यांना म्हणाले, "तिला सांग, गरम व्हायच्या आत पोचायला पायजे."

दादा हँगरमध्ये आले ते पहिल्यांदाच. दारात थांबले. ठकी हात पसरून उभी. वर जाळी बघितली, कॅरेट बघितले, प्लास्टिकचा तंबू बघितला. चप्पल बाहेर काढली.

बोल्टांच्या आधी मोजणी. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी. एक टोक डाव्या पंखाच्या टोकाशी, एक उजव्या. दोन्ही पंखांवर मी सारख्याच जागी रेघ मारलेली. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला येतं, फरशी कशीही असो. दोन्ही रेघांवर पाणी आलं तर पंख सरळ. नाही आलं तर आपण सगळे घरी.

रेखा डाव्या टोकाला. उजवं टोक धरायला हे हवे होते, पण नेमके तेव्हाच बो. सा. बाहेर आले आणि हे त्यांच्याशी बोलायला गेले. दादांनी न सांगता नळीचं उजवं टोक हातात घेतलं. चष्मा वर केला. मी मध्ये, धडापाशी.

पाणी हलत होतं. वरखाली, वरखाली, मग कमी कमी. रेखा तिकडून म्हणाली, "माझ्याकडं रेघेवर आलं."

मी दादांकडे बघितलं. दादांनी दाराकडे बघितलं. हे बाहेर. रेखाकडे बघितलं. तीही धाकटी भावजयच. निरोप न्यायला कुणीच नव्हतं. दादांनी घसा खाकरला, पाण्याकडे बघितलं, परत घसा खाकरला.

"सुलभा," म्हणाले, "बरोबर हाय. रेघेवर."

तीस वर्षांत माझं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी "बरं दादा," म्हणाले.

मग बोल्ट. पेटीतून काढायचा, बोटं बधिर, भोकात धरायचा, लाकडी हातोडीने हलकेच. रेखा आत सीटांच्या मागे वाकून, पलीकडून बघत. पहिला गेला. दुसरा. एक मध्येच अडला, आतून दोन टक आले, अजून मारला, गेला. शेवटचा. मी हातोडी थांबवली, वाट बघितली.

आतून टक. एकच.

हे चहाची किटली घेऊन आत आले आणि विचारलं, "काय झालं?" दादाच म्हणाले, "हात बसले."

२८ नोव्हेंबर

तपासणी. दोघे अधिकारी आणि बो. सा. दिवे बघितले, वायरिंग, बादल्या, तंबू. एकाने फरशीवर पाय घासला. "फरशी जरा उतरती वाटते?"

बो. सा. म्हणाले, "धुवायला सोपी पडते, सर."

मी खाली मान घातली. विमानाभोवती फिरायला त्यांनी बाकी सगळ्याहून जास्त वेळ घेतला. पंखावरून हात फिरवला. रिव्हेट कोणी मारले, विचारलं. मी रेखाला पुढे केलं. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "ताईंनी मारले. मी पलीकडं होते."

वर्षभराची परवानगी!! किल्ली आमचीच. बो. सा. हसले. खरंच हसले, दात दिसले.

१५ डिसेंबर

इंजिन सुरू केलं. पहिल्यांदा नुसतं गुरगुरलं. दुसऱ्यांदा धरलं. जाळी थरथरली, कॅरेटमधल्या नटांनी फेर धरला. पुण्याचे कॅप्टन, जे पहिलं उड्डाण करणार आहेत, कानाला हात लावून ऐकत होते. इंजिन बंद केल्यावर म्हणाले, "छान. एवढंच म्हणतो, जास्त म्हणायची सवय नाही."

दादांनी पॅकहाउसच्या सगळ्या मजुरांना पेढे वाटले. यांच्यामार्फत. ती सवय अशी लगेच सुटायची नाही.

७ जानेवारी

रंग पूर्ण. पांढरा, पोटाला हिरवी पट्टी. शेपटीवर लहान अक्षरांत ठकी. अधिकृत नावाची अक्षरं मोठी, तीही आहेत, पण ती कागदासाठी.

नवं ग्रेडिंग मशीन पॅकहाउसात आलं. ठकीच्या चार डागांवरच बसलं. हे म्हणाले, वाईट वाटतं का. नाही म्हटलं. खरंच नाही वाटत.

१८ जानेवारी

उड्डाणाची परवानगी दिल्लीहून यायची आहे. येईल, म्हणतात. वाऱ्याचाही नेम नाही, पहाटे धुकं. दुसऱ्या सीटवर कोण, यावरून घरात वाद. पहिल्या खेपेला कॅप्टन एकटेच जाणार, पण नंतरचं सगळे आत्ताच ठरवून बसलेत. दादांनी आज विचारलं, आणि यांना नव्हे, मलाच, "सुलभा, त्याच्यात वजन किती चालतं?"

होकायंत्र जुळवायला ठकीला आज पहिल्यांदा उघड्यावर काढायचं होतं. इंजिन बंद. मी आत बसले, ब्रेकवर पाय. बो. सा. नी बजावलं होतं, बाहेरच्या पिवळ्या रेघेशी थांबवायचं, पुढे एक वीतही नाही. ढकलायला पाच माणसं बोलावलेली.

रेखाने तीन चाकांसमोर तीन लिंबं ठेवली. ती घरंगळू नयेत म्हणून शेजारी चिमूटभर वाळू, लाल बादलीतली. दादांनी हंगामातला पहिला द्राक्षाचा घड आणला होता. तो फळीवर ठेवला, झेंडूचं फूल उचललं आणि ठकीच्या नाकावर वाहिलं. मग वाकून चाकांखालचे ठोकळे स्वतः काढले.

मी ब्रेक सोडला. कुणी ढकललं नाही. पाचही माणसं हात पुढे करून तशीच उभी राहिली, कारण मिस्त्रींच्या ढाळावरून ठकी आपणहून निघाली. लिंबं फुटली, तिन्ही, मला आत ऐकू आलं. दाराची चौकट दोन्ही पंखांच्या टोकांवरून मागे गेली. ऊन हुडावर आलं, आणि पंख दोन्हीकडे असे लांब पसरलेले, की मला एकदम कळलं, हे मी केलंय. मी आणि रेखाने.

पिवळी रेघ आली. ब्रेक दाबला. थांबली.

पुढे धावपट्टी दिसत होती, रिकामी. कुणीतरी हाक मारत होतं, उतरा म्हणून. मी उतरले नाही. मागून पत्र्यावर डॉली वाजली.

एकदाच.